दाखल्यातले चौतीस किलोमीटर

आणखी लांब, आणखी पुढे हे सांगायला इंग्रजीत दोन शब्द आहेत, फार्दर आणि फर्दर. दिसायला सख्खे भाऊ. सव्वीस वर्षं मी सरकारी शाळांत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवलं आणि दरवर्षी हे दोघं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. सोपं करून सांगायचो की टेप लावून मोजता येतं तिथं पहिला. टेप लावता येत नाही, नुसतं पुढं जायचं असतं, जसं पुढची चौकशी, पुढचं शिक्षण, तिथं दुसरा. खुद्द इंग्रज लोक रस्त्यालाही दुसरा बिनदिक्कत लावतात. चौकशीला मात्र पहिला कोणी लावत नाही.

याच दोन शब्दांवरून एका बाईंनी चाळीस शिक्षकांसमोर मला प्रश्न विचारला. त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, ओरडलो. का ओरडलो ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल.

माझे वडील अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. शिकलो ते किराणा दुकानात पुड्या बांधून. माझ्यामागं कोणी नव्हतं, हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा म्हटलं आहे की बायको ते सुरू झालं की उठून जाते. घासाघीस हा माझा स्वभावच. दुकानदारानं सांगितलेला पहिला भाव मला शिवीसारखा लागतो. राग नाकावर. एकदा बदलीच्या यादीवरून एका कार्यालयात मी हजेरीचं रजिस्टर टेबलावर आपटलं होतं, त्यात साहेबांचा चहा सांडला.

त्या रागाला कारण होतं. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी मेळघाटात काढली. तीन वर्षांनी खाली आणू, असं सांगून पाठवलं होतं. माझ्यानंतर आलेले, ओळखीपाळखीचे, एकेक करून उतरले. कुणाला दर्यापूर मिळालं, कुणाला थेट अमरावतीच्या वेशीवरची शाळा. मी तिथंच. लग्न झालं, बायकोलाही शिक्षिकेची नोकरी लागली, दर्यापूरजवळच्या एका गावात. आम्ही महिन्यातून दोनदा भेटायचो. मुलगा पहिलं पाऊल टाकायला लागला ते मला चार दिवसांनी पत्रानं कळलं. हे मी विसरलो नाही. विसरायचं नाही असं ठरवूनच ठेवलं होतं.

पुढं मी खाली आलो, पण बायकोच्या शाळेपासून लांबच. घर दर्यापुरात, रोज मोटरसायकलवर जायचं यायचं. पन्नाशीनंतर पाठ बोलायला लागली. तेव्हा तो नियम माझ्या हाती लागला. नवरा-बायको दोघं शिक्षक असतील आणि दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर त्यांना जवळ यायचा हक्क. यादीत त्यांचं नाव वर चढतं, ते हवी ती शाळा मागू शकतात. त्या शाळेवर आधीच कोणी असेल आणि त्याची तिथली वर्षं भरली असतील, तर त्याला उठावं लागतं. उठलेला पुढं दुसऱ्याला उठवतो. आम्ही शिक्षक याला खो म्हणतो. यादी लागली की फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, ‘तुले कोनं खो देला?’

माझ्या आणि बायकोच्या शाळेच्या मधे नदी. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून चौतीस किलोमीटर. मधून, नदीपात्रातून, सत्तावीस. पात्रातला रस्ता पावसाळ्यात चार महिने बंद असायचा, काळ्या मातीत चाक अर्धं रुतायचं. म्हणून सरकारी हिशेबात वळसाच धरत. पण त्या वर्षी तिथं पूल झाला. उद्घाटनाला कोणी पुढारी मिळेना म्हणून फीत न कापताच लोक त्यावरून जायला लागले. दोन महिने मीही जात होतो.

अंतराचा दाखला रस्त्यांच्या कार्यालयातून आणायचा असतो. तिथल्या बाबूनं जुना नकाशा उघडला आणि पट्टी ठेवली.

“गुरुजी, मधातून रस्ता आहे ना?”

“नदीतून आहे, सायेब. पावसाळ्यात बंद असते. बारमाही रस्ता धरा.”

“तिथं पूल होऊन राहिला होता न?”

“होऊन राहिला,” मी म्हणालो. “कधी होते ते तुमच्याच लोकाईले माहीत.”

बाबू हसला. मीही हसलो. त्या दिवशी सकाळी मी त्याच पुलावरून त्या कार्यालयात आलो होतो.

“चला, फाट्यावरून धरतो. एकतीस लिहितो. झालं तुमचं काम.”

“एकतीस काहून? उद्या कोनं तक्रार केली अन् एक किलोमीटर इकडचं तिकडं झालं तं? स्टँडवरून धरा.”

“गुरुजी, तुमी तं भाजीबाजारात असल्यावानी करून राहिले.”

“मंग धरता का नाई?”

त्यानं चौतीस लिहिलं, शिक्का मारला. आयुष्यभर मी भाव उतरवत आलो, त्या दिवशी किलोमीटर चढवले. बाहेर येऊन रसवंतीवर मी दोन ग्लास रस प्यायलो. इतका आनंद झाला होता.

मी मागितलेली शाळा बायकोच्या शाळेपासून सहा किलोमीटरवर. तिथं एक बाई होत्या. कोण आहेत हे मला माहीत नव्हतं, असं मी पुढं बरेच दिवस सांगत होतो. माहीत होतं. त्या आणि माझी बायको दर्यापूरहून एकाच जीपनं जात. दोघींची जागा ठरलेली. आमच्या घरी दह्याला विरजण त्यांच्याकडून यायचं. त्यांचे यजमान अकोल्याला खासगी नोकरीत, त्यामुळे दोघं नोकरीत असूनही तो नियम त्यांना लागू नव्हता. पाच-सहा वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ, दर्यापुरात, नुकतीच पहिलीला गेलेली.

कच्च्या यादीत त्यांना खो बसलेला दिसला. अंतिम यादीला चार दिवस होते. संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. बायकोनं चहा ठेवला. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

“सर, तुमी अर्ज मागं घ्या असं मी म्हनत नाई. यंदाचं साल थांबता काय तेवढं सांगा. माहं नाव खाली आहे. इथून उठली का पहाडातच जाते मी.”

“नियमानं आलं मॅडम. मी काय कोनाच्या घरात घुसलो काय?”

“नाई जी. पन पोरगी लहान आहे. तिथं दवाखाना नाई, राहाले खोली नाई. तिले माह्या आईजवळ अकोल्याले ठेवावं लागन. दोन वर्षं भेटली तं मी सोताच बदली मागून घेते.”

इथं मी शांतपणे नाही म्हणू शकलो असतो. मी उभा राहिलो.

“मले अकरा वर्षं पहाडात ठेवलं तवा कोन थांबलं होतं? माहा पोरगा कोन्या वर्गात आहे, चालते का नाई चालत, कोनं इचारलं? तवा कोठी होते सारे? आता माह्या बारीले सगळ्याईले लेकरं आठवून राहिले!”

बाईंनी कप तसाच खाली ठेवला. “बरं सर,” एवढंच म्हणाल्या, स्वयंपाकघराकडे पाहून “जाते ताई” म्हणाल्या आणि गेल्या. बायको दारापर्यंत त्यांच्यामागे गेली. परत येऊन, माझ्याकडे न पाहता, तिनं बाईंचा कप उचलला. कपातला चहा तिनं मोरीत ओतला.

मी स्वतःला सांगत राहिलो की मी बरोबर आहे. माझा दाखला, माझा हक्क, माझी पाठ. नव्या शाळेत मी रुजू झालो. बाईंच्या वर्गात भिंतीवर पाढे रंगवलेले होते, त्यांच्या हातचे. मी तो वर्ग दुसऱ्या गुरुजींना दिला आणि स्वतः सहावीचा घेतला. कारण विचारलं तेव्हा पंखा नाही असं सांगितलं. पंखा होता.

वर्षभरानं अमरावतीला जिल्ह्यातल्या शिक्षकांचं इंग्रजीचं प्रशिक्षण होतं. मी शिकवणारा. सभागृहात चाळीस जण, सगळ्या तालुक्यांतले. दुपारी जेवणानंतर माणसं पेंगतात म्हणून मी हा सोपा विषय ठेवला होता. फळ्यावर दोन शब्द लिहिले, टेपेचं उदाहरण दिलं, नेहमीचा विनोद केला, नेहमीच्या जागी लोक हसले. मग म्हटलं, कुणाला काही विचारायचं आहे?

मागच्या रांगेत त्याच बाईंचा हात वर झाला. मी त्यांना तोवर पाहिलंच नव्हतं. वाळल्या होत्या.

“सर, एक उदाहरण सांगू? दोन गावाच्या मधात नदी आहे. नदीवर पूल झाला. रस्ता सात किलोमीटरनं कमी झाला. तरी कागदावर ते दोन गावं लांबच राहिले. तिथं यातला कोनता शब्द लावाचा?”

कोणीतरी म्हणालं, “ते तं सरकारी अंतर, मॅडम!” सभागृह हसलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. माझ्या हातातला खडू मोडला. मी आवाज चढवला. इथं वैयक्तिक गोष्टी आणायच्या नाहीत, शिकायला आला असाल तर शिका, नाहीतर दार उघडं आहे. अशा पुष्कळ गोष्टी बोललो. हसणाऱ्यांनी वह्या उघडल्या. कशात काय वैयक्तिक होतं हे त्यांना समजेना. बाई खाली बसल्या.

चहाच्या वेळी मी त्यांना पाण्याच्या माठापाशी गाठलं. भांडायलाच गेलो होतो.

“तुमाले माहीत होतं तं तवाच तक्रार काहून नाई केली?”

“तवा माहीत नव्हतं सर. मले वाटलं नियमच आहे. दिवाळीत नदीपल्याड जाले जीपमंदी बसली तं जीप पुलावरून गेली. पूल कधीचा आहे म्हनून डायव्हरले इचारलं.”

“मंग आता करा तक्रार.”

“नाई करत.”

“काहून?”

“आता करून काय भेटते, सांगा.” त्यांनी पेला धुऊन माठावर पालथा ठेवला. “शनिवारी दुपारी निघते, संध्याकाळी अकोल्याले पोचते. रविवारी दुपारी परत. पहिले दोन महिने पोरगी लय रडे. आता रडत नाई.”

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. भांडायला गेलेला मी सभागृहात परत आलो आणि फळा पुसला. 

घरी आल्यावर मी बायकोला पुलाचं सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती गव्हातले खडे निवडत होती, मान वर केली नाही.

“मले काय पूल माहीत नव्हता काय? दोन महिने तुमी लवकर घरी येत होते.”

“मंग बोलली काहून नाई तू?”

“तुमाले बोलून पाहिलं हाये का कोनं? घर डोक्यावर घेता.” तिनं एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, “अन् मलेही वाटलं, तुमी जवळ याल तं बरं होईन. मीही गप राहिली. ती बाई माह्यासाठी जीपमंदी पिशवी ठेवून जागा धरे. आता त्या जागेवर कोनीबी बसते.”

त्यानंतरच्या रविवारी, बाई अकोल्याहून परत पोचतील अशा बेतानं, मी त्यांच्या शाळेच्या गावी गेलो. अकोटवरून वर घाटात. रस्ता माझ्या ओळखीचा, अकरा वर्षं त्याच एसटीनं हादरे खाल्ले होते. मनातल्या मनात मी बोलणी जुळवत होतो. कुठं सुरुवात करायची, किती सोडायचं, कुठं अडून बसायचं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं तेच आहे. माफी मागायला निघालेला माणूस वाटेत सौदा मांडत होता.

बाई शाळेच्या व्हरांड्यात भांडी घासत होत्या. वर्गखोलीच्या एका कोपऱ्यात त्यांचा स्टोव्ह, पेटी, गादी. मी सतरंजीवर बसलो आणि मांडलं. पुढच्या फेरीत मी स्वतःहून ती शाळा सोडतो. पाठीचं कारण दाखवतो. कुणाला काही कळायचं नाही. त्यांनी अर्जात तीच शाळा पहिली टाकावी. दाखल्याचं मात्र कुठं बोलू नये. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, अब्रूचा प्रश्न आहे.

त्यांनी सगळं ऐकलं.

“मी कोठी बोलली सर? तुमीच बोलून राहिले.”

“म्हंजे मान्य आहे न?”

“काय मान्य? मी तुमाले काही मागतलं नाई. तुमी सोडा, नका सोडू. दाखला तुमचा आहे.” मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “जेवून जा. इथून खाली जाले आता गाडी नाई.”

मी जेवलो नाही. समोरचा माणूस काहीच मागत नसेल तर काय करायचं हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं. गावात ओळखीचं एक घर होतं, तिथं रात्र काढली. पहाटेच्या गाडीनं उतरताना मनाशी सगळ्या बाजूंनी भांडून पाहिलं. अकरा वर्षं पुन्हा पुढं केली. वडिलांची हमाली पुढं केली. माझ्यावर अन्याय झाला होता हे आजही मी कुणासमोरही सांगेन. पण तो करणारे वेगळे होते, आणि त्यांच्यापैकी एकाचंही मी काही बिघडवलेलं नव्हतं.

आठवडाभरात मी अर्ज लिहिला. पूल अमुक महिन्यापासून सुरू होता, मला माहीत होतं, मी लपवलं, बदली रद्द करावी, आणि माझ्यामुळे उठलेल्या शिक्षिकेला त्यांची जागा परत द्यावी. मराठीत लिहिला, साध्या शब्दांत. कार्यालयातल्या साहेबांनी दोनदा वाचला.

“गुरुजी, कोनाची तक्रार तं नाई. मंग हे कायले?”

“घ्या न सायेब. आवक क्रमांक द्या.”

“तीन वर्षं राहिले तुमचे. गप राहा. घरी जा.”

त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. मी रजिस्टर आपटलं नाही. तिथंच बाकावर बसून राहिलो, दुपारी त्यांनी अर्ज घेतला.

चौकशी झाली, शिक्षा झाली, तिचं मला काही वाटलं नाही. मला पुन्हा मेळघाट मिळालं. बायको म्हणाली, “सोमवारचा डबा दोन वेळचा भरत जाईन.” तेवढंच म्हणाली, पण बऱ्याच महिन्यांनी माझ्याकडे पाहून म्हणाली.

बाईंना मात्र जागा परत मिळाली नाही. हे मी धरलंच नव्हतं. आयुष्यभर नियम कोळून प्यायलो आणि एवढं सुचलं नाही. माझी शाळा रिकामी झाली ती यादीतल्या पुढच्या माणसाला गेली, लांबच्या तालुक्यातल्या एका तरुण गुरुजींना. त्यांना पूल माहीत नाही, बाई माहीत नाहीत. बाईंनी पहाडात तीन वर्षं पूर्ण करावीत, मग अर्ज करावा, असं उत्तर आलं. त्याची प्रत घेऊन मी त्या कार्यालयात चार वेळा गेलो. ओरडलोही. साहेब म्हणाले, “गुरुजी, खो देता येते. परत घेता येत नाई.”

आता शनिवारी आम्ही एकाच एसटीनं उतरतो. माझी शाळा त्यांच्या वरच्या गावात, म्हणून मी आधी चढतो. त्या चढल्या की मान हलवतात, मीही हलवतो. पुढं बसतात. अर्जाचं त्यांना कळलं आहे, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि मी काढलं नाही.

मागच्या महिन्यात अकोटच्या स्टँडवर त्यांची आई मुलीला घेऊन आली होती. बहुधा मुलीनं हट्ट केला असेल, किंवा आजीला अकोटात काम असेल. बाई उतरताना गर्दीत अडकल्या, म्हणून मी खाली त्यांच्या आधी पोचलो आणि मला सगळं दिसलं. फ्रॉकमधली, दोन वेण्या घातलेली, उंच झालेली मुलगी. बाईंनी पिशवी खाली ठेवून हात पुढं केले. मुलगी आजीच्या मागे सरकली. आजी म्हणाली, “जाय न, आई आली न तुही.” मुलगी गेली नाही, आजीचं लुगडं धरून आईकडे पाहत राहिली. बाई हात तसेच ठेवून वाकून उभ्या होत्या. मग त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, पाहुण्याच्या लेकराला द्यावा तसा, आणि लांबूनच पुढं धरला.

मुलीनं तो घेतला की नाही ते मी पाहिलं नाही. दर्यापूरची गाडी लागली होती. जागा रिकाम्या होत्या, तरी मी मागं उभा राहिलो आणि गाडी स्टँडाबाहेर पडेपर्यंत खिडकीकडे पाठ करून होतो.